उंबराचं पाणी आणणाऱ्या वसईकरणी

पोर्तुगालच्या दर्यावर्दी साम्राज्याची एक सरहद्द कधीकाळी आपल्या वसईत होती. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशाहाने वसई पोर्तुगिजांना दिली. पुढे ती त्यांच्या ‘उत्तर प्रांता’ची राजधानी झाली. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मराठा फौजेने किल्ला घेतला आणि पोर्तुगीज निघून गेले. बाप्तिस्मा घेतलेली इथली शेतकरी आणि कोळी कुटुंबं मात्र आपल्या मातीतच राहिली.

एकोणिसाव्या शतकात वसई पेशव्यांकडून इंग्रजांकडे गेली. या उलथापालथीत दोन संस्कृतींचा संसार सांभाळला तो घरच्या बाईने. लाल लुगडं नेसलेली सामवेदी ख्रिस्ती स्त्री केळीच्या, पानवेलीच्या वाडीत राबत असे. तिच्या समाजाचं ‘कुपारी’ हे नाव ‘कोंपाद्रे’ या पोर्तुगीज शब्दावरून आलं असं मानतात. मुलाच्या बाप्तिस्म्यामुळे आईबाप आणि धर्मपिता यांच्यात जुळणारं नातं, हा त्या शब्दाचा अर्थ. नाताळ, पाद्री, क्रूस हे शब्द पोर्तुगिजांचे. पण ती बोलायची सामवेदी, आपल्या मराठीचीच बोली.

लग्नात हा मिलाफ सर्वांत सुंदर दिसे. विधी चर्चमध्ये होई. पण त्याआधी नवरा-नवरीला नारळाचा रस लावत, आणि बायका वाजतगाजत विहिरीवर जाऊन ‘उंबराचं पाणी’ आणत. धर्म बदलला, तरी उंबराचा मान गेला नाही.

तिच्या हातची आणखी एक कमाल म्हणजे सुकेळी. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची, रात्री दवापासून जपायची, असं कित्येक दिवस चाले. मग सोनेरी, मधासारखी गोड सुकेळी पानात बांधली जात. नाशवंत फळ टिकाऊ करण्याची ही युक्ती आगाशी-वसईची खूण बनली. १८६४ मध्ये गुजरातहून येणारी रेल्वे वसईची खाडी ओलांडून मुंबईला पोचली आणि वाडीतल्या मालाला मोठा बाजार जवळ आला.

१८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, मुंबई परिसरातल्या या ख्रिस्ती समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. पोर्तुगीज आडनावांमुळे गोवेकरांशी होणारी गल्लत टाळायची होती.

वसईला गेलात तर किल्ला जरूर पाहा. पण बाजारात सुकेळी घेऊन बसलेली आजी दिसली, तर तिच्याशी तिच्या बोलीबद्दल चार शब्द बोला. किल्ल्यातल्या इमारती ढासळल्या. तिच्या पणजीने राखलेलं अजून उभं आहे.