थर दिसला म्हणून खडक गाळाचा ठरत नाही

सह्याद्रीच्या कड्यांवरील आडवे पट्टे पाहून तेथील खडक गाळाचे असावेत, असा समज सर्वत्र आढळतो. वास्तविक हे पट्टे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरत गेलेल्या लाव्ह्याचे असून महाराष्ट्राचा 80 टक्क्यांच्या आसपास भूभाग अशा बेसाल्टनेच व्यापला आहे. भिंगातून पाहिल्यास बेसाल्टमध्ये खनिजांचे बारीक स्फटिक परस्परांत गुंतलेले दिसतात आणि वायूच्या पोकळ्यांत झिओलाइट किंवा अकीक भरलेले असते, तर वालुकाश्मासारख्या गाळाच्या खडकात मुळात सुटे असलेले कण आणि त्यांना सांधणारे सिलिका, कॅल्साइट वा लोहाचे ऑक्साइड वेगवेगळे ओळखता येतात. मात्र दोन लाव्हाप्रवाहांमधील काळात साचलेला गाळही काही ठिकाणी टिकून आहे, आणि मुंबईत वरळीच्या अशाच थरांत बेडकांचे जीवाश्म सापडले आहेत. म्हणून प्रत्येक थर स्वतंत्रपणे तपासणे अत्यंत आवश्यक ठरते.

वाळू म्हणजे क्वार्ट्‌झ, ही समजूतही अपुरी आहे. भूविज्ञानात वाळू ही संज्ञा केवळ कणांच्या आकारमानावरून ठरते : 2 मिलिमीटरपासून 1/16 मिलिमीटरपर्यंतचा कण कोणत्याही खनिजाचा असला तरी तो वाळूचाच होय. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूत इल्मेनाइट हे टायटॅनियमचे खनिज मुबलक आहे, आणि अन्यत्र शिंपल्यांच्या चुऱ्याचीही वाळू बनते. त्याहून बारीक, 1/256 मिलिमीटरपर्यंतचा गाळ म्हणजे पोयटा आणि त्याखालचा म्हणजे चिकणमाती; डोळ्यांना न दिसणारा हा भेद जिभेला व दातांना कळतो, कारण पोयटा किंचित करकरतो आणि चिकणमाती लोण्यासारखी गुळगुळीत लागते. अशा बारीक गाळाचा खडक पातळ पापुद्र्यांत फुटत असेल तर तो शेल, आणि तसा न फुटता गोळ्यांनी तुटत असेल तर पंकाश्म.

पिंडाश्म आणि कोणाश्म यांतील फरक तुकड्यांच्या कडांवरून कळतो : प्रवाहात घासले गेल्याने गोल झालेले गोटे पिंडाश्मात, तर फार दूर न वाहिलेले टोकदार तुकडे कोणाश्मात असतात. नेवाशाजवळ प्रवरेच्या काठी चुन्याने सांधलेले गोट्यांचे थर असून त्यांत अश्मयुगीन हत्यारे मिळाली आहेत. दख्खनमध्ये मात्र एक सावधगिरी हवी, कारण लाव्हाप्रवाहाचा पृष्ठभाग फुटूनही कोणाश्मासारखी रचना तयार होते आणि ती गाळाची नसते.

चुनखडकाबाबत दोन गैरसमज आहेत. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने फसफसणारा प्रत्येक खडक चुनखडक नसतो. कॅल्साइटने सांधलेला वालुकाश्म आणि पोकळ्यांत कॅल्साइट असलेला बेसाल्टही फसफसतो, उलट डोलोमाइटची भुकटी केल्याविना तो जेमतेमच प्रतिसाद देतो. तसेच सर्वच चुनखडक शंखशिंपल्यांचा बनलेला नसतो, कारण यवतमाळ-चंद्रपूर भागातील पैनगंगा खोऱ्याचा चुनखडक कवचधारी प्राणी पृथ्वीवर अवतरण्याच्या कितीतरी आधीचा आहे.

कोकणातील जांभा सच्छिद्र आणि मातकट दिसत असल्याने तोही गाळाचा मानला जातो. पण तो उष्ण, पावसाळी हवामानात मूळ खडक जागच्या जागी कुजून, सिलिका विरघळून गेल्यावर आणि लोह व ॲल्युमिनियमची संयुगे मागे उरल्यावर तयार होतो. जिथे जांभ्याचेच तुकडे उतारावरून वाहून येऊन खाली साचले व पुन्हा सांधले गेले, तेवढ्यापुरताच तो गाळाच्या खडकांत गणला जातो.