परके ओळखण्याची शरीराची रीत आणि धनुर्वाताची लस

बीजोत्पादन क्षेत्रातून भेसळीची झाडे काढावयाची, तर मूळ वाणाची लक्षणे आधी पक्की ठाऊक असावी लागतात. मानवी रोगप्रतिकारक यंत्रणाही याच तत्त्वावर चालते. ‘आपले’ काय हे ओळखता आले, तरच ‘परके’ वेगळे काढता येते.

पहिली फळी

जखमेतून शिरलेल्या जीवाणूंची गाठ प्रथम भक्षक पांढऱ्या पेशींशी पडते. या पेशींवरील ग्राहक प्रथिने जीवाणूंच्या आवरणातील ठरावीक घटक ओळखतात. हे घटक अनेक जीवाणूंत समान असतात. मानवी पेशींत मात्र नसतात. त्यामुळे पूर्वी कधीही न आलेल्या जीवाणूवरही काही तासांतच हल्ला होतो. जखमेभोवतीची लाली व सूज ही त्याचीच खूण होय.

दुसरी फळी

नेमकी ओळख बी-पेशी व टी-पेशी पटवतात. अशा पेशी असंख्य असून प्रत्येकीवरील ग्राहक एका विशिष्ट आकाराशीच जुळतो. जुळणाऱ्या परक्या घटकास प्रतिजन म्हणतात. तो भेटताच ती पेशी वेगाने विभागते आणि बी-पेशींपासून प्रतिपिंडे तयार होतात. टी-पेशींची छाननी छातीतील थायमस ग्रंथीत होते. शरीराच्या स्वतःच्या घटकांवर उलटू शकणाऱ्या बहुतांश पेशी तेथेच नष्ट केल्या जातात. पहिल्या भेटीत प्रतिपिंडे पुरेशी तयार होण्यास एक ते दोन आठवडे लागतात. मागे उरलेल्या स्मृतिपेशींमुळे पुढील भेटीत हेच काम काही दिवसांत होते.

धनुर्वाताचे वेगळेपण

धनुर्वाताच्या जीवाणूचे बीजाणू मातीत व शेणात असतात. खोल, हवा न पोहोचणाऱ्या जखमेत ते रुजतात व विष निर्माण करतात. हे विष इतके तीव्र असते, की प्राणघातक मात्राही यंत्रणेला ओळख पटण्यास अपुरी पडते. म्हणूनच हा रोग होऊन बरा झालेल्या व्यक्तीलाही प्रतिकारशक्ती लाभत नाही. तिनेही लस घेणे आवश्यक असते.

या विषाला निष्प्रभ करणारे घटक रक्तद्रवात तयार होतात, हे एमिल फॉन बेरिंग व शिबासाबुरो कितासातो यांनी 1890 मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखविले. आजच्या लसीत याच विषाचे फॉर्मॅलिनने निर्विष केलेले रूप असते. यंत्रणा आकार ओळखते; त्यामुळे विषारीपणा गेला तरी ओळख कायम राहते.

काय करावे?

• जखम त्वरित साबण व वाहत्या पाण्याने धुवावी. माती, शेण किंवा राख लावू नये.
• प्राथमिक मात्रा पूर्ण झालेल्यांनी दर 10 वर्षांनी वर्धक मात्रा घ्यावी. मळलेली किंवा खोल जखम झाल्यास आणि शेवटच्या मात्रेस 5 वर्षे उलटली असल्यास ती लगेच घ्यावी.
• पूर्वी लस न घेतलेल्यांना एकच इंजेक्शन पुरेसे नसते. अशा जखमेत त्यांना तयार प्रतिपिंडेही द्यावी लागतात आणि पुढील मात्रा वेळेवर पूर्ण कराव्या लागतात.

देशात व्यापक लसीकरण कार्यक्रम 1978 मध्ये सुरू झाला. त्यापूर्वी जन्मलेल्या अनेक शेतकऱ्यांच्या प्राथमिक मात्रा राहून गेलेल्या असू शकतात. विस्तार कार्यकर्त्यांनी गावभेटीत याची चौकशी करून त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे.