सुटीचा एक दिवस जामठ्याच्या मैदानावर

सुटी मिळाली म्हणजे ती कोठें घालवावी, हा प्रश्न सुशिक्षित कुटुंबांत वारंवार निघतो. कोणी तीर्थयात्रेस जातो, कोणी थंड हवेच्या ठिकाणीं जातो, आणि पुष्कळांची सुटी तर घरांतील पडद्यासमोर बसूनच सरते. या सर्वांहून निराळी, थोड्या खर्चाची आणि मुलामाणसांस हितकर अशी एक वाट आहे. ती म्हणजे आपल्याच प्रांताच्या संघाचा रणजी सामना प्रत्यक्ष मैदानावर जाऊन पाहणें. क्रिकेटचें वेड असलेल्यांसच हें सांगावयाचें आहे असें नव्हे. ज्यांनीं आयुष्यांत बॅट हातीं धरली नाहीं, त्यांनाही अशा दिवसापासून घेण्यासारखें पुष्कळ आहे.

अमेरिकेंत बेसबॉल नांवाचा खेळ फार लोकप्रिय आहे. तेथील मुख्य हंगाम मार्च महिन्याच्या अखेरीस सुरू होतो. परंतु त्यापूर्वीं, उत्तरेकडे हिंवाळा सरलेला नसतांना, तेथील सगळे तीस संघ उबदार मुलुखांत उतरतात. निम्मे फ्लॉरिडांत, निम्मे ॲरिझोनांत. तेथें ते सराव करतात आणि आपसांत सामने खेळतात. या सामन्यांचा निकाल मुख्य हंगामाच्या हिशेबांत धरीत नाहींत. तथापि दूरदूरच्या गांवांहून लोक रजा काढून, गांठचे पैसे मोडून, ते पाहावयास जातात. मैदानें लहान असतात, घाईगर्दी बेताची असते, आणि उद्यां ज्याचें नांव सर्वतोमुखीं होणार तो तरुण आज दहा हातांवर उभा असलेला दिसतो. माझा एक भाचा तिकडे नोकरीस आहे. दरवर्षीं अशा एका दिवसासाठीं तो रजा राखून ठेवतो. त्यानें मला एकदां फोनवर विचारलें, "मामा, आपल्याकडे असें कांहीं पाहावयास मिळतें का हो?" मीं उत्तर दिलें, "मिळतें. आणि बहुधा फुकट मिळतें. फक्त जाणारे मिळत नाहींत."

या उत्तराचा अर्थ पुढील हकीकतीवरून वाचकांच्या ध्यानांत येईल.

सन २०२५ ची महाशिवरात्र बुधवारीं, २६ फेब्रुवारीस आली. त्याच दिवशीं नागपुराजवळील जामठा येथें विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या मैदानावर विदर्भ व केरळ यांच्यामधील रणजी करंडकाचा अंतिम सामना सुरू व्हावयाचा होता. शाळेस सुटी, घरांत उपास, आणि सातवींत शिकणाऱ्या नातीचा हट्ट, असा तिहेरी योग जुळून आला. आमचें शिरपूर जैन हें वाशिम जिल्ह्याच्या मालेगांव तालुक्यांतील गांव. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनास देशभरचे यात्रेकरू येथें येतात. आम्ही मात्र आदल्या दिवशीं उलट दिशेनें निघालों आणि मालेगांव, कारंजा, अमरावती अशी मजल करीत एस. टी. नें रात्रीं नागपुरास पोहोंचलों. सकाळीं खापरीपर्यंत मेट्रो आणि पुढें ऑटोरिक्षा करून साडेनवाच्या आंत मैदानाच्या दाराशीं होतों.

येथें थोडी पूर्वपीठिका सांगितली पाहिजे. रणजी करंडकाचे सामने सन १९३४-३५ पासून सुरू झाले. नवानगरचे जामसाहेब रणजितसिंहजी यांच्या स्मरणार्थ त्यांना हें नांव मिळालें. आरंभीच्या काळांत आमच्या मुलुखाचा संघ 'मध्यप्रांत व वऱ्हाड' या नांवानें खेळे. सन १९३२ मध्यें हिंदुस्थानच्या पहिल्या कसोटी सामन्याचें नेतृत्व करणारे सी. के. नायडू हे जन्मानें नागपूरचे. पुढें ते इंदुरास गेले आणि होळकर संघास त्यांनीं मोठें यश मिळवून दिलें. विदर्भाचा स्वतंत्र संघ १९५७-५८ पासून खेळूं लागला. पण त्यानंतर सहा दशकें त्याच्या वांट्यास करंडक आला नाहीं. मोठ्या संघांनीं येऊन गुण वेचून न्यावे आणि आमच्या मुलांनीं अनुभव पदरीं पाडून घ्यावा, असाच बहुतेक क्रम होता.

तो क्रम २०१७-१८ च्या हंगामांत पालटला. फैज फझल कर्णधार, चंद्रकांत पंडित प्रशिक्षक आणि मुंबईहून आलेले वयोवृद्ध, म्हणजे खेळाच्या हिशेबानें वृद्ध, वसीम जाफर. या मंडळींनीं अंतिम सामन्यांत दिल्लीचा नऊ गडी राखून पराभव केला. स्थापत्यशास्त्राची पदवी घेतलेल्या रजनीश गुरबानीनें त्या सामन्यांत लागोपाठ तीन चेंडूंवर तीन बळी घेतले. हा विजय मिळाला तोही इंदुरांत, जेथें एके काळीं नागपूरचे नायडू गेले होते. पुढच्याच वर्षीं, फेब्रुवारी २०१९ मध्यें, जामठ्याच्या मैदानावर सौराष्ट्रास ७८ धांवांनीं हरवून विदर्भानें करंडक राखला. त्या सामन्यांत आदित्य सरवटे या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजानें अकरा गडी बाद केले. त्याच महिन्यांत इराणी करंडकही विदर्भानें जिंकला आणि त्याच्या बक्षिसाची रक्कम पुलवाम्यास कामीं आलेल्या जवानांच्या कुटुंबांस अर्पण केली.

आतां पुनः शिवरात्रीच्या दिवसाकडे वळूं. केरळानें नाणेफेक जिंकून विदर्भास फलंदाजी दिली. पहिल्याच षटकांत सलामीचा एक फलंदाज शून्यावर परतला आणि धांवफलकावर अवघ्या २४ धांवा असतांना तीन गडी बाद झाले होते. जामठ्याच्या मैदानांत सुमारें ४५ हजार माणसांची सोय आहे. त्या सकाळीं आमच्या ओळींत आम्ही दोघें, पुढें एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, आणि दोन ओळी सोडून महाविद्यालयांतील चारसहा मुलें, एवढाच संसार होता. नातीनें सभोंवार पाहून विचारलें, "आजोबा, एवढ्या खुर्च्या मग कोणासाठीं?" मीं म्हटलें, "आपल्यासाठींच, बाळ. कोणतीही घे."

परंतु या रिकामेपणाचा एक लाभही होता. मोठ्या सामन्यांत जें कोलाहलांत बुडून जातें, तें सर्व येथें ऐकूं येतें. चेंडू बॅटच्या मध्यावर बसला कीं कडेस लागला, हें तासाभरांत नुसत्या आवाजावरून नातीस ओळखूं येऊं लागलें. क्षेत्ररक्षक एकमेकांस घालीत असलेली साद, गोलंदाज माघारीं जातांना स्वतःशींच पुटपुटतो तें, चुकीचा फटका खेळल्यावर फलंदाज तोच फटका पुनः नुसत्या हवेंत बरोबर खेळून पाहतो तें, हें सारें डोळ्यांसमोर घडतें. चाळीस वर्षें मीं वर्गांत मुलांना एकच गोष्ट सांगत आलों, कीं चूक झाली तर पाटी पुसा व तोच शब्द पुनः लिहा. नातीनें ती त्या दिवशीं न सांगतां पाहिली.

तीन गडी गेल्यावर एकवीस वर्षांचा दानिश मालेवार आणि अनुभवी करुण नायर यांची जोडी जमली. मालेवार नागपूरचाच, आणि रणजीचा त्याचा हा पहिलाच हंगाम. नायरनें पूर्वीं, २०१६ सालीं, इंग्लंडविरुद्धच्या कसोटींत नाबाद ३०३ धांवा केलेल्या. दोघांनीं घाई केली नाहीं. वाईट चेंडूची वाट पाहिली, चांगल्यास मान दिला. संस्कृत साहित्यशास्त्रांत आमच्या प्रांताच्या नांवानें एक रीति प्रसिद्ध आहे. वैदर्भी रीतींत लांबलचक समासांची गर्दी नसते; पदें मोकळीं, अर्थ स्वच्छ, आणि माधुर्य ओढूनताणून आणलेलें नसतें. राजशेखरानें काव्यमीमांसेंत काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचा विवाह विदर्भांतील वत्सगुल्म नगरांत लावला आहे; तें वत्सगुल्म म्हणजेच आमच्या जिल्ह्याचें ठिकाण वाशिम. मालेवारची ती खेळी पाहतांना ही रीति मला राहून राहून आठवत होती. एकही फटका दाखविण्यासाठीं मारलेला नव्हता.

मधल्या सुटींत बाहेर सावलींत बसून आम्ही राजगिऱ्याचे लाडू व शेंगदाणे खाल्ले. परत येतों तों केरळकडून सरवटे गोलंदाजीस आलेले. होय, तेच आदित्य सरवटे, ज्यांनीं याच मैदानावर २०१९ मध्यें विदर्भास करंडक मिळवून दिला होता. त्यांच्या हातीं चेंडू येतांच विरळ प्रेक्षकांतून टाळ्या पडल्या. नात गोंधळली. "आजोबा, हे आपले ना? मग त्यांच्याकडून कां खेळतात?" मीं तिला सांगितलें कीं प्रत्येक संघास बाहेरचे कांहीं खेळाडू घेतां येतात. सरवटे तिकडे गेले, तसे नायर इकडे आले. नायर यांचें कुटुंब मूळचें केरळी, त्यांचें क्रिकेट वाढलें कर्नाटकांत, आणि आज ते विदर्भासाठीं घाम गाळीत होते. "मग टाळ्या कोणाला वाजवायच्या?" "चांगलें खेळेल त्याला." पुढें नायर ८६ धांवांवर धांवचीत झाले आणि २१५ धांवांची ती भागी तुटली, तेव्हां ती उभी राहून टाळ्या वाजवीत होती, आणि ज्या क्षेत्ररक्षकानें अचूक फेंक केली त्याच्यासाठींही तिनें दोन टाळ्या राखून ठेवल्या. दिवसअखेर विदर्भाच्या ४ बाद २५४ धांवा झाल्या. मालेवार १३८ वर नाबाद होता.

सामना पांच दिवस चालला. विदर्भाच्या पहिल्या डावांत ३७९ धांवा झाल्या, केरळच्या ३४२. केरळचा कर्णधार सचिन बेबी ९८ धांवांवर बाद झाला, आणि सरवट्यांनीं आपल्याच जुन्या मैदानावर जुन्या सोबत्यांविरुद्ध ७९ धांवा काढल्या. दुसऱ्या डावांत नायरनें शतक केलें. सामना अनिर्णित राहिला. परंतु अशा वेळीं पहिल्या डावांत ज्याची आघाडी तो विजयी, या नियमानें ३७ धांवांच्या बळावर अक्षय वाडकरच्या विदर्भ संघास २ मार्च रोजीं तिसऱ्यांदा करंडक मिळाला. त्या हंगामांत हर्ष दुबे या तरुण फिरकी गोलंदाजानें ६९ बळी घेऊन रणजीच्या एका हंगामांतील बळींचा उच्चांक केला, हेंही नमूद केलें पाहिजे.

आतां भाच्यास दिलेल्या उत्तराकडे येतों. अमेरिकेंतील त्या सराव सामन्यांच्या निकालास किंमत नाहीं, तरी लोक पैसे देऊन जातात. आपल्याकडील रणजी सामन्यांत एकेका धांवेस किंमत आहे. त्यावर तरुणांचें पुढील आयुष्य ठरतें. आणि तरीही खुर्च्या रिकाम्या. याचें कारण खेळाची नावड हें नव्हे. संध्याकाळच्या तीन तासांच्या झगमगीत सामन्यांस हींच मैदानें भरून वाहतात. कारण असें दिसतें कीं आपल्याला तयार झालेला मोठेपणा पाहण्याची संवय लागली आहे, आणि मोठेपणा तयार होत असतांना पाहण्याची संवय सुटली आहे. भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत नटाबरोबर प्रेक्षकाचींही लक्षणें सांगितलीं. नाटकास जें लागू, तेंच खेळास. जाणता प्रेक्षक समोर नसेल तर मैदानावरील तरुणास आपण कोणासाठीं एवढे कष्ट करीत आहों, असें एखादे वेळीं वाटल्यास नवल नाहीं. लहान गांवांतून येणाऱ्या मुलांस तर तें अधिकच वाटत असेल.

म्हणून माझी सूचना साधी आहे. रणजीचा हंगाम हल्लीं दोन भागांत होतो. एक दिवाळीच्या आगेंमागें, आणि दुसरा जानेवारी-फेब्रुवारींत. साखळींतील सामना चार दिवसांचा असतो. खेळ सकाळीं साडेनवाच्या सुमारास सुरू होऊन चारसाडेचारपर्यंत चालतो आणि दिवसांत नव्वद षटकें टाकावयाचीं असतात. निर्णायक विजयास सहा गुण, आणि सामना अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावांत आघाडी घेणाऱ्यास तीन व दुसऱ्यास एक. एवढें समजलें म्हणजे नवख्या माणसासही डावाचें मर्म कळूं लागतें. प्रवेशमूल्य बहुधा नसतें. डोक्यास टोपी असावी. फेब्रुवारी अखेरचें विदर्भाचें ऊन थट्टेचें नव्हे. धांवा मांडण्यासाठीं मुलांच्या हातीं एक वही व पेन्सिल द्यावी; तेवढ्यानें दिवसभर त्यांचें लक्ष ढळत नाहीं. आणि शक्य तर सबंध दिवस बसावें. पहिल्या तासांत पडझड पाहून उठून गेलेल्या मंडळींस त्या शिवरात्रीची २१५ धांवांची भागी पाहावयास मिळाली नाहीं.

वर्षांतून एक दिवस. मुंबई, पुणें, नागपूर, कोठेंही राहा. आपापल्या संघाचा सामना जवळ येतोच. त्या दिवशीं घरांतील मुलांस, आणि मुलींस विसरूं नये, बरोबर घेऊन चार रिकाम्या खुर्च्या भराव्या, इतकीच वाचकांस विनंति आहे.