मिठावर चालणारा मेंदू

देवबागच्या किनाऱ्यावर रापण ओढून झाली, की वाळूवर पडलेल्या माशांत माकुलं (स्क्विड) लगेच ओळखू येतात. बांगडा मेला की मेला. माकूल मेल्यावरही त्याच्या कातडीवरचे तांबूस ठिपके बराच वेळ फुलत नि मिटत राहतात. प्रत्येक ठिपका म्हणजे रंगाची इवलीशी पिशवी, आणि तिच्याभोवती तिला चहूबाजूंनी ताणणारे स्नायू. या स्नायूंपर्यंत थेट मेंदूतून मज्जातंतू आलेले असतात. मेंदू थांबला तरी कातडीतली ही यंत्रणा लगेच थांबत नाही. आणि माकूल अगदीच ताजं असेल, तर कापून मीठ लावताना त्याचे पाय ताटात वळवळतात. जीव केव्हाच गेलेला असतो. हलवतं ते मीठ.

मीठ कसं काय हलवेल? या प्रश्नाच्या उत्तरात आपला मेंदू कसा चालतो हे जवळजवळ सगळं येतं. आणि ते उत्तर शोधलं गेलं तेही माकुलाच्याच अंगात.

माकुलाचा मेंदू मधे भोक असलेल्या कड्यासारखा असतो आणि अन्ननलिका त्या भोकातून जाते. म्हणजे बिचाऱ्याने मोठा घास घेतला तर डोक्यालाच धोका! पण शास्त्रज्ञांना भुरळ पडली ती दुसऱ्याच गोष्टीची. संकट आलं की माकूल अंगातलं पाणी जोरात बाहेर फेकतं आणि उलट्या दिशेने सुसाट सुटतं. त्यासाठी सगळं अंग एकाच क्षणी आवळलं पाहिजे. म्हणून लांबच्या स्नायूंकडे जाणारे तंतू जाड आणि जवळच्यांकडे जाणारे बारीक असतात. जाड तंतूत संदेश वेगाने धावतो, त्यामुळे लांबचा आणि जवळचा हुकूम साधारण बरोबरच पोचतो. यातला सर्वांत जाड तंतू अर्ध्या मिलिमीटरपासून एक मिलिमीटरपर्यंत भरतो. आपले मज्जातंतू मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजायचे. हा नुसत्या डोळ्यांना दिसतो. इतका जाड, की जे. झेड. यंग या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने 1936 साली हा मज्जातंतू आहे असं सांगेपर्यंत बहुतेकांना ती रक्तवाहिनी वाटत होती.

तीन वर्षांनी, 1939च्या उन्हाळ्यात, इंग्लंडच्या प्लिमथ बंदरातल्या प्रयोगशाळेत अ‍ॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी त्या तंतूत एक बारीक काचनळी उभी सरकवली आणि आतला विद्युतदाब मोजला. एक पंचवीस वर्षांचा, दुसरा एकवीस. तंतू स्वस्थ असताना आतली बाजू बाहेरच्यापेक्षा ऋण असते, हे अपेक्षितच होतं. संदेश जाताना हा फरक शून्यावर येईल असा तेव्हाचा समज होता. प्रत्यक्षात तो फरक शून्य ओलांडून चांगला धन बाजूला गेला. हे का, याचा विचार करायला सवड मिळण्याआधीच महायुद्ध सुरू झालं, आणि दोघांना आठ वर्षं थांबावं लागलं.

याचं उत्तर समजायला देवबागसारखी जागा नाही. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, आणि मधे चिंचोळी पट्टी. दोन्हीकडे पाणीच, पण खारटपणा वेगळा, आणि पट्टी आहे तोवर तो फरक टिकतो. मज्जातंतूचं पातळ आवरण असंच दोन पाण्यांच्या मधे उभं असतं. बाहेरच्या पाण्यात सोडियम भरपूर, म्हणजे आपल्या मिठातलंच. आत पोटॅशियम भरपूर. आवरणात सूक्ष्म दारं असतात. एरवी सोडियमची दारं बंद. संदेश आला की ती उघडतात, सोडियम आत घुसतं, आतली बाजू क्षणभर धन होते. त्या धक्क्याने पुढची दारं उघडतात, मग त्याच्या पुढची. मागोमाग सोडियमची दारं मिटतात, पोटॅशियम बाहेर पडतं आणि सगळं पूर्ववत होतं. एका जागी हा सारा खेळ एक-दोन मिलिसेकंदांचा.

ताटातल्या माकुलाचं हेच होतं. पेशी अजून पुरत्या मेलेल्या नसतात. मीठ पडलं की सोडियम आत शिरतं आणि पायांना हुकूम सुटतो. तो देणारा कोणी नसतो, एवढंच.

हॉजकिन आणि बर्नार्ड कॅट्झ यांनी हे उलट बाजूनेही ताडून पाहिलं. बाहेरच्या पाण्यातलं सोडियम कमी केलं, तर संदेशाची उसळी तेवढी लहान होते. 1949 साली हे प्रसिद्ध झालं. पुढे हॉजकिन आणि हक्सली यांनी साऱ्या व्यवहाराची समीकरणं मांडली. केंब्रिजचा संगणक तेव्हा फेरबदलांसाठी बंद, म्हणून हक्सलीने हाताने फिरवायच्या यंत्रावर आठवडेच्या आठवडे आकडेमोड केली. कागदावर उमटलेला संदेश खऱ्या माकुलातल्या संदेशाशी जुळला. 1952 साली ते निबंध छापून आले, 1963 साली नोबेल मिळालं. मला मात्र त्याहून थरारक वाटतो तो 1961चा प्रयोग: तंतूतला सगळा गर लाटून बाहेर काढला, रिकाम्या नळीत पोटॅशियमचं पाणी भरलं, आणि संदेश पूर्वीसारखा धावू लागला. खरी करामत त्या पातळ पडद्याची होती.

पण आत आलेलं सोडियम पुन्हा बाहेर काढायला लागतंच. तो पंप 1957 साली डेन्मार्कच्या येन्स स्कू यांनी दाखवून दिला, तो कुर्लीच्या पायांतल्या मज्जातंतूंत. तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, अखंड. आपला मेंदू शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के, पण खातो वीस टक्के ऊर्जा. तिचा मोठा वाटा या उपशावर जातो.

वेग वाढवायला माकुलाने तंतू जाड केले. आपल्या डोळ्यामागच्या नसेत सुमारे दहा लाख तंतू आहेत; प्रत्येक अर्धा मिलिमीटर जाड केला असता तर ती नस दीड फुटाहून रुंद झाली असती. आपण दुसरा मार्ग धरला: तंतूंभोवती स्निग्ध वेष्टण गुंडाळलं. माकुलातला संदेश सेकंदाला वीस-पंचवीस मीटर धावतो, वेष्टणवाल्या तंतूंत शंभरच्या पुढे. सगळ्यांना मात्र वेष्टण नसतं. जाळ्यातून मासे काढताना शिंगाळ्याचा काटा बोटात गेला, तर आधी लखकन कळ येते ती वेगवान तंतूंतून, आणि मागून ठणका येतो तो सेकंदाला मीटरभर चालणाऱ्या उघड्या तंतूंतून. बोटापासून डोक्यापर्यंत यायला त्याला जवळजवळ सेकंद लागतो.

सोडियमचा हा तोल बिघडला की घरातही कळतं. म्हातारं माणूस अचानक असंबद्ध बोलू लागलं, की डॉक्टर रक्त तपासतात आणि म्हणतात, सोडियम उतरलंय. लिटरमागे 135 ते 145 मिलिमोल हे ठीक. फार खाली गेलं की पाणी मेंदूच्या पेशींत शिरून त्या फुगतात, आणि माणूस नातवाला ओळखेनासा होतो. मनाने भरपूर मीठ खाऊ घालणं हा त्यावरचा उपाय नव्हे; कारण शोधूनच उपचार करावे लागतात.

याच किनाऱ्यावरच्या जाळ्यांत केंडही येतो, पोट फुगवून, जाळं कुरतडत. त्याच्या कुळातल्या अनेक माशांच्या यकृतात आणि गाबोळीत टेट्रोडोटॉक्सिन नावाचं विष असतं. ते सोडियमच्या दारात बाहेरून बुचासारखं बसतं. आधी ओठ बधिर होतात, मग हातपाय, शेवटी श्वासाचे स्नायू. मेंदूत ते सहसा पोचत नाही, म्हणून माणूस बऱ्याचदा शुद्धीवर राहून हे सगळं अनुभवतो. इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुकने 1774 साली न्यू कॅलेडोनियात असा मासा नुसता चाखला, तरी हातापायांतली जाणीव जवळजवळ गेली होती. विषावर उतारा नाही. कृत्रिम श्वास देत राहायचं, विष निघून गेलं की दारं पुन्हा चालू लागतात.

मग केंड स्वतः कसा जगतो? त्याच्या सोडियमच्या दारांची ठेवण त्या विषाच्या जागी किंचित वेगळी आहे. हजाराहून जास्त अमिनो आम्लांच्या साखळीत मोक्याच्या जागचं एखाद-दुसरं बदललेलं, आणि बूच तिथे नीट बसतच नाही.