रोमँटिक रस्त्यावरची डागडुजी

जर्मनीतल्या वुर्त्सबुर्गहून निघून आल्प्सच्या पायथ्याशी फ्युसेनला पोचणाऱ्या सुमारे ४६० किलोमीटरच्या वाटेला ‘रोमँटिक रस्ता’ म्हणतात. नाव ऐकून वाटतं, की सरदार आणि व्यापारी शतकानुशतकं याच वाटेने ये-जा करत असणार. तसं नाही. हा रस्ता १९५० चा, आणि त्यासाठी नवं बांधकाम असं काही झालंच नाही. युद्धाने बेचिराख झालेल्या देशात पर्यटक पुन्हा यावेत म्हणून वाटेवरच्या गावांनी एकत्र येऊन आधीपासूनचे रस्ते एका नावाखाली जोडले आणि पाट्या लावल्या. सुरुवातीच्या पाहुण्यांत तिथे तैनात असलेले अमेरिकी सैनिक आणि त्यांची कुटुंबं होती. आज काही पाट्यांवर जपानी अक्षरंही दिसतात. मग बाजारासाठी रचलेल्या अशा वाटेवर आपली सुट्टी आणि पैसा का खर्चावा? मध्ययुग पाहायला म्हणून गेलं तर हा रस्ता देखावा वाटण्याचा संभव आहे. पण डागडुजी पाहायला म्हणून गेलं, तर इतका बोलका रस्ता मिळणं अवघड. जुनं कशामुळे टिकतं, कोण टिकवतं आणि मोडल्यावर काय करायचं, या प्रश्नांची इथल्या प्रत्येक गावाने वेगळी उत्तरं दिली आहेत. ती एकामागून एक वाचत जायची, तर स्वतःच्या हाती गाडी असलेली बरी.

वुर्त्सबुर्गपासूनच हे वाचन सुरू होतं. १६ मार्च १९४५ च्या रात्री ब्रिटिश विमानांनी सुमारे वीस मिनिटांत या शहराचा गाभा जाळून टाकला. जवळपास पाच हजार माणसं मेली. तिथल्या प्रिन्स-बिशपांचा भव्य राजवाडा, रेसिडेंझ, आतून जळाला. पण बाल्थासार नॉयमान या वास्तुकाराने मधे एकही खांब न देता जिन्यावर उभारलेली कमान तगली, आणि तिच्यावर इटालियन चित्रकार त्येपोलोने १७५२-५३ मध्ये रंगवलेलं चार खंडांचं अफाट छतचित्रही वाचलं. त्यात आशिया हत्तीवर बसलेली आहे. आगीतून वाचलेलं हे चित्र पावसाने मात्र गेलं असतं, कारण वरचं छप्परच उरलं नव्हतं. जॉन स्किल्टन नावाच्या अमेरिकी अधिकाऱ्याने लाकूड-सामान जमवत तात्पुरतं छप्पर घालून घेतलं. ज्या बाजूने बॉम्ब टाकले, त्याच बाजूच्या सैन्यातल्या एका माणसाने हे केलं, ही गोष्ट मला त्या चित्राइतकीच मोलाची वाटते. वाड्यातलं आरसेमहाल म्हणावं असं दालन मात्र पार नष्ट झालं होतं. ते कारागिरांनी नव्याने घडवलं आणि १९८७ मध्ये पूर्ण केलं. एकाच वास्तूत वाचलेलं आणि पुन्हा केलेलं शेजारी शेजारी आहे, आणि ते नजरेने वेगळं काढता येत नाही.

इथून दक्षिणेला टाउबर नदीचं खोरं लागतं. उतारांवर द्राक्षमळे, मधूनच एखादा वाडा, आणि मग उंचावर तटबंदीत बसलेलं रोथेनबुर्ग. लाकडी चौकटींची घरं, वेशी, बुरूज, दगडी फरसबंदी. जर्मनीच्या कॅलेंडरांवर हमखास असणारं गाव. ते असं का राहिलं, याचं मुख्य कारण गरिबी. तीस वर्षांच्या युद्धात, १६३१ मध्ये, ते कॅथलिक सेनापती टिलीच्या हाती पडलं, आणि त्यानंतर व्यापार उठला. जुनं पाडून नवं बांधायला गावाकडे पैसाच नव्हता. एकोणिसाव्या शतकात चित्रकारांना ते सापडलं, तेव्हा कुठे जुनेपणालाच किंमत आली. ३१ मार्च १९४५ ला बॉम्बफेकीत पूर्वेकडचा मोठा भाग आणि तटाचा लांबलचक तुकडा कोसळला. उरलेलं गाव तोफांखाली जाऊ नये म्हणून अमेरिकेचे तेव्हाचे सहाय्यक युद्धमंत्री जॉन मॅक्लॉय यांनी मध्यस्थी केली, बोलणी झाली आणि गाव न लढता ताब्यात आलं. तटाची दुरुस्ती जगभरातून आलेल्या देणग्यांवर झाली. तटावरून चालताना दगडांत बसवलेली देणगीदारांची नावं वाचता येतात, त्यात जपानी नावंही बरीच आहेत.

यावर एक आक्षेप सरळ येतो: म्हणजे हे सगळं नकलीच की. मला तो पटत नाही. पूर्वेकडची नवी घरं जुन्या घरांच्या हुबेहूब प्रती नाहीत. उंची, छपरांचा उतार आणि गल्लीची रुंदी सांभाळली, बाकी बांधणी साधी ठेवली. थोडं निरखून पाहिलं की फरक कळतो, आणि तो लपवलेलाही नाही. आपल्याकडे देवळाचा जीर्णोद्धार झाला म्हणून कोणी देवळाला खोटं म्हणत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. या देखण्या गावाला नाझींनी आदर्श जर्मन गाव म्हणून मिरवलं, कामगारांच्या सहली आणल्या, आणि ऑक्टोबर १९३८ मध्ये गावातल्या उरल्यासुरल्या ज्यू रहिवाशांना बाहेर घालवण्यात आलं. मध्ययुगातही इथून ज्यूंना हाकललं गेलं होतंच. ‘रोमँटिक’ हे नाव एवढं सगळं झाकून टाकतं, हे खरं आहे. म्हणूनच ज्यू गल्ली आणि संग्रहालयातले मध्ययुगीन ज्यू थडग्यांचे दगड पाहिल्याशिवाय रोथेनबुर्ग पाहिलं असं म्हणू नये. जपणं म्हणजे देखणं तेवढं निवडून ठेवणं नव्हे.

पुढे तासाभराच्या आत डिंकेल्सब्युल येतं. इथे युद्धाने फारशी तोडफोड केली नाही. तट मात्र शांततेच्या काळातच गेला असता. एकोणिसाव्या शतकात युरोपभर शहरं वाढत होती आणि जुन्या तटबंद्या पाडून रस्ते रुंद होत होते. १८२६ मध्ये बव्हेरियाचा राजा पहिला लुडविग याने तटबंद्या पाडायला मनाई केली, त्याचा फायदा या पट्ट्यातल्या गावांना झाला. अर्ध्या तासावरचं न्योर्डलिंगेन त्याचा पुरावा आहे: आजही पूर्ण, आणि वरून आच्छादलेल्या वाटेने सुमारे पावणेतीन किलोमीटर चालत गावाला अख्खी प्रदक्षिणा घालता येईल असा तट. मुळात हे गावच एका उल्काविवरात वसलं आहे. साधारण दीड कोटी वर्षांपूर्वी उल्कापात होऊन सुमारे पंचवीस किलोमीटर रुंदीचा खळगा झाला. लोक त्याला जुना ज्वालामुखी समजत. १९६० च्या सुमारास शूमेकर आणि चाओ या शास्त्रज्ञांनी प्रचंड दाबाखालीच तयार होणारं खनिज इथल्या खडकात शोधून खरा प्रकार सिद्ध केला. १९७० मध्ये अपोलो मोहिमेचे अंतराळवीर चंद्रावरच्या खडकांची ओळख करून घ्यायला इथे आले. गावातलं सेंट जॉर्जचं चर्च त्याच आघातातून झालेल्या दगडाचं आहे. त्याच्या उंच मनोऱ्यावरून आजही रात्री दहापासून बारापर्यंत दर अर्ध्या तासाने पहारेकऱ्याची हाळी येते.

आउग्सबुर्ग हे शहर अनेक प्रवासी मोठं म्हणून टाळतात. ते चुकतं. याकोब फुगर या सावकाराने १५२१ मध्ये इथे गरीब कॅथलिक रहिवाशांसाठी वसाहत बांधली. ती दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झाली, पुन्हा उभी राहिली आणि अजूनही त्याच कामाला आहे. वर्षाचं भाडं ८८ सेंट, म्हणजे जुन्या एका नाण्याची आजची किंमत, आणि दाता-कुटुंबासाठी रोज तीन प्रार्थना. याच शहरातल्या वेल्सर आणि फुगर घराण्यांचं भांडवल १५०५ मध्ये अल्मेडाच्या पोर्तुगीज ताफ्यात होतं, आणि तो ताफा सप्टेंबरमध्ये अंजदीव बेटावर उतरून तिथे किल्ला बांधू लागला. आज गोव्यात मोडणाऱ्या त्या बेटाचा धागा मिऱ्यांच्या व्यापारातून इथवर येतो. फुगरचा पैसा कुठून कुठून आला हे ठाऊक असूनही, पाचशे वर्षं भाडं न वाढवणाऱ्या त्या वसाहतीपुढे आदराने थांबावंसं वाटतं.

यासाठी गाडीच कशाला, रेल्वे आहे की, असं कोणी म्हणेल. रोथेनबुर्गला, न्योर्डलिंगेनला रेल्वे जाते, उन्हाळ्यात बस मिळते, या वाटेला समांतर सायकलमार्गही आहे. ज्यांना जमेल त्यांनी तसंच जावं. मात्र ‘वीस’ नावाच्या ठिकाणी कुरणाच्या मधोमध उभं असलेलं चर्च रेल्वेमार्गावर नाही. १७४५ ते ५४ दरम्यान डोमिनिकुस त्सिमरमानने बांधलेली ती वास्तू बाहेरून साधी आणि आतून पांढऱ्या-सोनेरी उजेडाने भरलेली आहे. शिवाय भारतातून आईवडिलांना घेऊन निघालेल्या कुटुंबाला सामानासकट गाड्या बदलणं सोपं नसतं. आपल्या आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना सोबत असावा. गाडी उजवीकडून चालवायची, गावात ताशी ५० आणि बाहेरच्या साध्या रस्त्यांवर १०० ची मर्यादा, आणि पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, एवढं अंगवळणी पडलं की झालं. गाडी तटाबाहेर उभी करावी आणि वेशीतून पायी आत जावं. दोन दिवसांत सगळं उरकण्याचा बेत मात्र मोडीत काढावा. पाच-सहा दिवस नसतील तर अर्धाच रस्ता घ्यावा.

शेवटी फ्युसेनजवळ नॉयश्वानस्टाइन. दर वर्षी दहा लाखांहून अधिक लोक पाहायला येतात तो हा किल्ला किल्ला नव्हेच. १८६९ मध्ये दुसऱ्या लुडविगने बांधायला घेतला, तेव्हा तोफांपुढे असे बुरूज निरुपयोगी झाले होते. आराखड्याची चित्रं रंगभूमीचे पडदे रंगवणाऱ्या क्रिस्टियान यांकने काढली, आत गरम हवेची सोय आणि वाहतं पाणी आलं. जून १८८६ मध्ये राजा सरोवरात मृत सापडला आणि काही आठवड्यांत, १ ऑगस्टला, अपुरा वाडा तिकीट लावून लोकांना उघडला गेला. जुलै २०२५ मध्ये पॅरिसच्या बैठकीत युनेस्कोने नॉयश्वानस्टाइनसह लुडविगचे राजवाडे जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्याच बैठकीत शिवनेरी, राजगड, रायगडापासून जिंजीपर्यंत मराठ्यांचे बारा किल्लेही त्या यादीत गेले. त्यातल्या रायगडावरचे वाडे १८१८ च्या तोफमाऱ्यात जळाले, आणि आज तिथे जोती उरली आहेत. त्या जोत्यांवर काही उभारावं की ती तशीच राखावी, हा वाद आपल्याकडे चालू आहे. वुर्त्सबुर्गने आरसेमहाल हुबेहूब केला, रोथेनबुर्गने गल्लीची मापं तेवढी धरली, फुगरच्या वसाहतीने माणसं परत राहायला आणली.