एक ‘अंकल’, पाच चिनी नाती

इंग्रजीतील ‘अंकल’ हा शब्द वडिलांचा थोरला भाऊ, वडिलांचा धाकटा भाऊ, आईचा भाऊ, आत्याचा नवरा आणि मावशीचा नवरा अशा पाचही जणांसाठी चालतो. चिनी भाषेत मात्र त्यांना अनुक्रमे बोफू, शूफू, ज्यौफू, गूफू आणि यीफू असे पाच वेगळे शब्द आहेत. मराठी वाचकाला ही विभागणी परकी वाटण्याचे कारण नाही, कारण काका, मामा, आतोबा आणि मावसा हा भेद मराठीतही रुजलेला आहे; फक्त थोरल्या आणि धाकट्या काकांसाठी तिने विशेषणांवर भागवले आहे.

इंग्रजी पूर्वीपासून अशी नव्हती. जुन्या इंग्रजीत काका आणि मामा यांना निरनिराळे शब्द होते; 1066 च्या नॉर्मन विजयानंतर फ्रेंचमधून ‘अंकल’ आला आणि त्याने हळूहळू दोघांचीही जागा घेतली. या शब्दाच्या मुळाशी असलेल्या ‘अवुंकुलुस’ या लॅटिन शब्दाचा अर्थ केवळ ‘मामा’ असा होता, आणि काकांसाठी लॅटिनमध्ये ‘पात्रूउस’ हा स्वतंत्र शब्द होता. म्हणजे आज ज्या शब्दात सगळी नाती मिसळून गेली आहेत, तो मुळात एकाच नात्याचा होता.

चिनी शब्दांतील बारकावा कुटुंबव्यवस्थेतून आला आहे. ‘बो’ आणि ‘शू’ हे मूळचे भावंडांचा जन्मक्रम दाखवणारे शब्द असून थोरला तो ‘बो’ आणि तिसरा तो ‘शू’. पितरांच्या पूजेत आणि वारशात हा क्रम महत्त्वाचा असल्याने तो नात्याच्या नावातच राहिला. सुतकाचे नियमही अशाच नेमकेपणाने बांधलेले होते: काकांसाठी एक वर्ष, मावशीसाठी पाच महिने, परंतु मामासाठी फक्त तीन महिने शोकवस्त्रे धारण करण्याचा प्रघात होता. आईच्या बहिणीला पाच आणि भावाला तीन ही विषमता सातव्या शतकात तांग सम्राट ताइजोंग याच्या काळात दूर करण्यात आली आणि मामाचे सुतकही पाच महिन्यांचे झाले. ज्या समाजात कोणासाठी किती दिवस शोक करायचा हे नात्यावर ठरते, तेथे पाच नात्यांना एकच शब्द पुरणे अशक्य होते.

या सर्वांत अभ्यासकांना सर्वाधिक गुंतवणारा शब्द ‘ज्यौ’ हा आहे. ‘अर्‍या’ या प्राचीन चिनी कोशात आप्तसंबंधांचे एक स्वतंत्र प्रकरण असून त्यात आईच्या भावाला ‘ज्यौ’ आणि वडिलांच्या बहिणीला ‘गू’ म्हटले आहे. पण त्याच प्रकरणानुसार विवाहित स्त्री सासऱ्यालाही ‘ज्यौ’ आणि सासूलाही ‘गू’ म्हणते. मराठी घरांत सून सासऱ्यांना ‘मामंजी’ आणि सासूला ‘आत्याबाई’ म्हणत असे, हे आठवले की हजारो मैलांवरच्या या दोन भाषांतील साम्य थक्क करणारे वाटते. फंग हान-ई यांनी 1937 साली चिनी नातेपद्धतीवर लिहिलेल्या प्रबंधात ‘ज्यौ’ आणि ‘गू’ या शब्दांचा दुहेरी अर्थ आते-मामे भावंडांच्या विवाहाशी जोडला. सासरा हा सख्खा मामा आणि सासू ही सख्खी आत्या, असे एकाच वेळी घडायचे असेल, तर आधीच्या पिढीत दोन घरांनी परस्परांच्या मुली केलेल्या असल्या पाहिजेत. मराठीत याच प्रकाराला साटेलोटे म्हणतात. मुलाने मामाची मुलगी करावी ही महाराष्ट्रातील अनेक समाजांची रूढी ‘आत्याबाई’ या शब्दाचा उलगडा सरळ करते, ‘मामंजी’ या शब्दाचा मात्र तितका सरळ करत नाही. इरावती कर्वे यांनी भारतीय आप्तसंबंधांवरील 1953 च्या ग्रंथात महाराष्ट्राला असे विवाह वर्ज्य मानणारी उत्तर आणि ते पसंत करणारी दक्षिण यांच्यामधील पट्ट्यात ठेवले, ते या दृष्टीने फार अर्थपूर्ण आहे. अर्थात, चाल मोडल्यावरही शब्द टिकतात आणि निव्वळ आदरार्थीही वापरले जातात, त्यामुळे एकट्या शब्दाला निर्णायक पुरावा मानणे योग्य नाही.

चिनीत भाषांतर करणाऱ्याला काका-मामांतील हा भेद टाळता येत नाही. चेकॉव्हच्या नाटकातील वान्या हा त्याची भाची सोन्या हिच्या दिवंगत आईचा भाऊ, म्हणून त्या नाटकाच्या चिनी नावात मामासाठीचा ‘ज्यौज्यौ’ हा शब्द येतो. हॅम्लेटचा काका क्लॉडियस मात्र ‘शू’ ठरतो, कारण राज्य आधी ज्याला मिळाले तो हॅम्लेटचा पिता थोरला, असे मानणे स्वाभाविक आहे.

शब्द कमी असले की ते लक्षात ठेवणे सोपे, पण अर्थ संदिग्ध; जास्त असले की अर्थ नेमका, पण स्मृतीवर भार. चार्ल्स केम्प आणि टेरी रेगियर यांनी 2012 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले की जगातील बहुतेक भाषांच्या नातेपद्धती या दोन गरजांमध्ये जवळजवळ सर्वोत्तम तडजोड साधतात. त्यामुळे इंग्रजीला दरिद्री आणि चिनीला किचकट ठरवण्यात अर्थ नाही. दोघींनी तडजोडीचा बिंदू वेगवेगळ्या ठिकाणी निवडला आहे.

चीनमध्ये 1980 च्या सुमारास सुरू होऊन 2015 अखेरपर्यंत राहिलेल्या एक-अपत्य धोरणामुळे ज्यांचे आई आणि वडील दोघेही एकुलते आहेत, अशी मुले तेथे वाढत आहेत आणि त्यांना या पाचांपैकी एकही सख्खे नाते नाही. तरीही हे शब्द त्यांच्या तोंडी आहेत, कारण अनोळखी पुरुषालाही चिनी मूल नात्यानेच हाक मारते: तो वडिलांपेक्षा तरुण दिसला तर ‘शूशू’ आणि वयस्कर दिसला तर ‘बोबो’.