विश्लेषण : ‘माइनक्राफ्ट’ला नेमका कोणता ‘जावा’ लागतो?

गगनबावडा हा कोल्हापूर जिल्ह्यातील सर्वाधिक पावसाचा तालुका म्हणून ओळखला जातो. पावसाळ्यात संततधार लागली, की मुले घरात आणि मोबाइलचा डेटा जपून वापरायचा. अशा दिवसांत दीडशे-दोनशे एमबीची फाइल कशीबशी उतरवावी आणि ‘माइनक्राफ्ट’ तरीही सुरू होऊ नये, याची चिडचिड वेगळीच. दोष बहुतेक वेळा गेमचा नसतो. त्याखालचा ‘जावा’ चुकलेला असतो.

जावाचे काम काय?

संगणकावरची ‘जावा एडिशन’ जावा भाषेत लिहिलेली आहे. तो कोड विंडोजला थेट समजत नाही. मध्ये एक दुभाषी लागतो, त्याला ‘रनटाइम’ म्हणतात. फोनवरची ‘बेडरॉक’ आवृत्ती सी प्लस प्लसमध्ये लिहिलेली असल्याने तिथे हा प्रश्नच येत नाही.

मग सर्वात नवा जावा घेतला तर?

इथेच अनेक जण फसतात. गेमची आवृत्ती 1.16.5 किंवा त्याआधीची असेल, तर जावा 8 लागतो. 1.17 साठी जावा 16, तर 1.18 पासून जावा 17. एप्रिल 2024 मध्ये आलेल्या 1.20.5 साठी किमान जावा 21 हवा. जुना दुभाषी नवा कोड वाचू शकत नाही. उलट, 1.12.2 वरचे ‘फोर्ज’चे जुने मॉड जावा 8 गृहीत धरून लिहिलेले असतात आणि जावा 17 वर सुरूच होत नाहीत. त्यात जावाच्या जुन्या, प्रसिद्ध संकेतस्थळावरील ठळक बटण वर्षानुवर्षे जावा 8 च देत आले आहे. नव्या गेमसाठी तिथून घेतलेला डेटा फुकट गेला, असेच समजावे.

चूक कशी ओळखायची?

काळ्या खिडकीत इंग्रजी ओळींचा ढीग दिसला, की बहुतेक जण ती बंद करतात. पण ‘अनसपोर्टेड क्लास व्हर्जन’ असे लिहिलेले असेल, तर उत्तर तिथेच असते. त्या ओळीत 65.0 आणि 61.0 असे दोन आकडे असतील, तर त्यांतून 44 वजा करा. गेमला हवा जावा 21, संगणकावर आहे 17. आकडा 52 असेल तर जावा 8.

डाउनलोड करायलाच हवे का?

फक्त खेळायचे असेल, तर नाही. अधिकृत लाँचर योग्य जावा स्वतःच आणतो. मित्रांसाठी सर्व्हर चालवायचा असेल किंवा काही मॉड बसवायचे असतील, तरच तो वेगळा लागतो. ‘ॲडॉप्टियम’चा ‘टेमुरिन’ मोफत आहे. त्यातली ‘जेआरई’ घ्यावी, ती ‘जेडीके’पेक्षा बरीच लहान असते. झिप फाइल घेतली तर कोल्हापुरात चांगल्या नेटवर उतरवून पेन ड्राइव्हवर गावी आणता येते. दोन-तीन जावा एकाच लॅपटॉपवर सुखाने राहतात, जुना काढावा लागत नाही.

मात्र 64 बिटचाच घ्यावा. 32 बिटचा जावा विंडोजवर साधारण दीड जीबीपलीकडे मेमरी वापरू शकत नाही आणि मोठे मॉड तिथेच अडकतात. रॅम 8 जीबी असेल, तर गेमला 3 ते 4 जीबी पुरेत. सगळी दिली तर विंडोजच गुदमरते.

आणखी एक. नव्या आवृत्तीत उघडलेले जग जुन्या आवृत्तीत सुरक्षितपणे परत नेता येत नाही. सुट्टीभर रचलेला किल्ला त्यात मोडू शकतो. म्हणून जावा आणि गेम बदलण्याआधी ‘सेव्हज’ फोल्डरची प्रत पेन ड्राइव्हवर काढून ठेवावी. वीज जाण्याआधी काढलेली बरी.